अकलूजचे रिंगण आणि देहाची आठवण

आषाढाच्या शुद्ध पक्षात सराटीचा मुक्काम उठला आणि नीरेच्या पाण्याने तुकोबारायांच्या पादुकांना स्नान घडले, की पालखी पूल ओलांडून अकलूजच्या शिवेत येते. पुणे जिल्ह्याची हद्द संपून सोलापूरची सुरू होते. सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण लागते. पताकावाले, डोईवर तुळशीवृंदावने घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी असे सगळे पालखीभोवती धावून घेतात आणि मग अश्व सुटतात. त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी उडणाऱ्या झुंबडीचे वर्णन वर्तमानपत्रे दरसाल इमानेइतबारे करतात. परंतु अश्व थांबल्यावर मैदानभर जो खेळ मांडला जातो, त्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. फुगड्या, हुतूतू, पावली, मनोरे. आणि खेळणाऱ्यांत साठी-सत्तरी उलटलेल्यांचा मोठा भरणा! ज्या वयाला आपला समाज एरवी ओसरीचा कोपरा आणि जपमाळ नेमून देतो, त्या वयाला येथे चारचौघांदेखत हुंदडण्याची जणू सनदच मिळते.

या सनदेचा कागद कोणत्याही दफ्तरात सापडायचा नाही. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी पालखीचा शिरस्ता १६८५ साली घातला. आणि त्यानंतर चारच वर्षांनी, संभाजीराजे संगमेश्वरी कैद झाल्याची वार्ता औरंगजेबास पोचली ती याच अकलूजच्या छावणीत. पुढे एकोणिसाव्या शतकात, शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरमाउलींच्या सोहळ्यास शिस्त लावली, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व त्यात आले, आणि छावणीचा नगारा, चोपदार, घोडा हा सारा सरंजाम भक्तीच्या चाकरीस लागला. रिंगण म्हणजे कवायतीचे खेळात झालेले रूपांतर होय, असे मला वाटते. इतिहासकार त्यास पुरावा मागतील तर मागोत. कवायतीचा एक गुण मात्र त्यात निश्चित शाबूत राहिला आहे: तेथे हुकूम कानाआधी पाय ऐकतात.

तो गुण मी एकदा जवळून पाहिला. रिंगणाच्या कडेला एका वृद्धाचा दंड त्याच्या मुलाने घट्ट धरला होता. सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात गेलेली, नजर कोठेही न ठरणारी, आणि आपण कोणत्या गावी उभे आहोत हे पुनःपुन्हा सांगूनही न उमगणारे. शेजारच्या दिंडीने पावली धरली, तेव्हा कोणीसे टाळांची दोरी त्याच्या गळ्यात अडकवली. क्षणभर त्याने टाळांकडे परक्या वस्तूकडे पाहावे तसे पाहिले. मग उजवा पाय पुढे पडला, डावा आला, गुडघ्यात हलका झोक, एक पाऊल मागे, आणि टाळ नेमका समेवर वाजला. मुलाने दंड सोडला.

स्मृतिभ्रंशाच्या या व्याधीस आपण पिढ्यान् पिढ्या ‘म्हातारचळ’ म्हणून हसलो. १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने तिची एक जात वर्णिली, १९१० साली क्रेपेलिनने आपल्या ग्रंथात तिला त्याचे नाव दिले. आणि आज साठीपुढील सुमारे ८८ लक्ष भारतीयांस स्मृतिभ्रंश असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अल्झायमरच्या विकारात कालपरवाच्या आठवणी आधी जातात; हातापायांत मुरलेल्या सवयी मेंदूच्या निराळ्या भागांत वसत असल्याने पुष्कळ काळ टिकतात.

याच शिल्लकीवर पाश्चात्त्य देशांतील वृद्धांच्या देखभाल केंद्रांनी अलीकडे नवे खेळ उभारले. २००६ साली निन्टेन्डोचे ‘वी’ आले, ज्याची कांडी हातात धरून नुसता हात झुलवला की पडद्यावर चेंडू घरंगळतो. २०१० साली मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ आले, जे हाती काहीच न देता माणसाचे सांधे स्वतः टिपते. हॉलंडमध्ये छतावरून मेजावर प्रकाशाची फुले-पाने सांडणारे यंत्र निघाले, हात फिरवला की ती सरकतात. यांचे मर्म एवढेच की खेळ उलट उत्तर देतो. बुद्धी परत येते, असा मात्र कोणी दावा करू नये: इंग्लंडात ४९४ रुग्णांच्या चाचणीत ३२९ जणांकडून नेमाने कसून व्यायाम करवून घेतला, त्याचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला, अंगातली ताकद वाढली, बुद्धीची उतरण थांबली नाही.

अमेरिकेतील वृद्धाश्रमांत ‘वी’वरचा बोलिंगचा खेळ फार चालला, कारण तेथल्या कितीकांनी तरुणपणी तो खरोखर खेळलेला होता. माळशिरस तालुक्यात ज्याने हयातभर उसाला पाणी दिले आणि वारी केली, त्याच्यापुढे तो पडदा जसाच्या तसा टांगला तर तो सौजन्याने पाहत बसेल. आमच्या विरंगुळा केंद्रांत असे यंत्र जरूर यावे, पण त्याने पावलीचा ठेका ओळखावा, लेझमीच्या हाताला झंकार द्यावा, फुगडीसाठी समोर दोन हात दाखवावेत. खर्चाची तजवीज त्यानंतरची गोष्ट. घेरी येणाऱ्यासाठी बाजूला एक भक्कम कठडा हवा, हे विसरता कामा नये. रिंगणात ते काम शेजारच्याचा खांदा करतो.

तो वृद्ध घामाघूम होऊन कडेला आला, तेव्हा मुलाने टाळ उतरवून परत केले आणि उपरण्याने त्याचे तोंड पुसले. फाटकापर्यंत जाईतो त्याने चारदा विचारले, “हे कुठलं गाव?” आणि चारही वेळा मुलगा त्याच सुरात म्हणाला, “अकलूज, आबा.”