शब्द तोडायचा कुठे?

आजचा एपिसोड ओळीच्या शेवटी येणाऱ्या एका छोट्या आडव्या रेघेवर आहे. हायफनवर.

आधी एक काम करा. 'हेलिकॉप्टर' शब्दाचे दोन तुकडे करा बघू. 'हेली' आणि 'कॉप्टर', हो ना? मुळात ग्रीकमध्ये 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टेर' म्हणजे पंख. पण 'प्ट'ने सुरुवात इंग्रजी जिभेला जमत नाही. मग लोकांनी तो भलतीकडेच तोडला आणि त्या तुकड्यातून 'हेलिपॅड'ही तयार केला.

म्हणजे उच्चाराचे तुकडे वेगळे, अर्थाचे वेगळे. आपणही बोलताना 'सूर्-यो-दय' म्हणतो आणि संधी सोडवताना 'सूर्य + उदय' लिहितो.

छापखान्यात हा प्रश्न रोजचा. शब्द ओळीत मावला नाही की तो तोडावा लागतो. ब्रिटिश परंपरा मुळाकडे बघते: 'डेमो-क्रसी', लोक आणि सत्ता. अमेरिकन परंपरा कानाचं ऐकते: 'डि-मॉक-रसी'. नोहा वेब्स्टर यांनी १७८३च्या आपल्या स्पेलिंगच्या पुस्तकात उच्चारावरूनच शब्द तोडायला शिकवलं होतं.

मग कॉम्प्युटर आला. स्टॅनफर्डमध्ये डोनाल्ड कनूथ 'टेक' ही टाइपसेटिंग प्रणाली बनवत होते. १९७७मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी फ्रँक लिआंग यांनी पहिला अल्गोरिदम लिहिला. उपसर्ग काढा, प्रत्यय काढा, दोन व्यंजनांच्या मध्ये तोडा. एकदम व्याकरणाच्या तासासारखं! सापडल्या फक्त ४० टक्के जागा.

१९८३च्या पीएचडी प्रबंधात लिआंग यांनी व्याकरण बाजूलाच ठेवलं. शब्दकोशातून त्यांनी अक्षरांचे ४४४७ पॅटर्न काढून घेतले. पॅटर्नमधल्या अक्षरांच्या मध्ये आकडे असतात. विषम आकडा म्हणजे 'तोड', सम म्हणजे 'तोडू नको'. दोन पॅटर्न भांडले तर मोठा आकडा जिंकतो. बस, एवढंच! सुमारे २५ हजार बाइटमध्ये सगळं मावलं आणि ८९ टक्के जागा सापडल्या. आज फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये हीच पद्धत आहे. मराठीसाठीही असे पॅटर्न तयार झालेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या धंद्यात अशी गोष्ट ऐकली की लगेच निष्कर्ष निघतो: अर्थ कळायची गरजच नाही, डेटा पुरे. पण थांबा. 'टेक'मध्ये या पॅटर्नच्या जोडीला १४ अपवाद हाताने लिहिलेले आहेत. त्यात 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' आहेत, तेही एकही हायफन न देता.

असं का? 'प्रेझेंट' म्हणजे भेटवस्तू असेल तर तो 'एस'नंतर तुटतो. 'सादर करणे' असेल तर 'एस'च्या आधी. स्पेलिंग तेच, अक्षरं तीच. कोणता अर्थ हवाय ते आजूबाजूच्या वाक्यावरून कळतं, आणि मशीनला दिसतो फक्त शब्द. म्हणून त्यांनी ठरवलं, हा शब्द तोडायचाच नाही.

मला विचाराल तर ८९ टक्क्यांपेक्षा ही ओळ भारी आहे. आपल्या प्रोग्रॅमला काय कळत नाही, हे त्यांना नेमकं माहीत होतं. आणि जिथे कळत नाही, तिथे अंदाज न मारता शब्द अख्खा ठेवायचा, हेही त्यांनी कोडमध्येच लिहून ठेवलं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!