अनुचित करार (ग्राहक कायदा)

अनुचित करार म्हणजे उत्पादक, व्यापारी किंवा सेवा पुरवठादार आणि ग्राहक यांच्यातील असा करार, ज्यातील अटींमुळे ग्राहकाच्या हक्कांमध्ये लक्षणीय बदल होतो. भारतात ही व्याख्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये आहे.

स्वरूप

अवाजवी अनामत रक्कम, हानीच्या मानाने अतिशय मोठा दंड, योग्य आकार भरूनही कर्जाची मुदतपूर्व फेड नाकारणे आणि वाजवी कारणाविना करार एकतर्फी संपवण्याचा अधिकार या अटींचा त्यात समावेश होतो.

न्यायनिर्णय

'पायोनियर अर्बन' खटल्यातील करारानुसार सदनिका खरेदीदाराने रक्कम उशिरा भरल्यास १८ टक्के व्याज आकारले जाई. विकसकाच्या विलंबाबद्दल मात्र ९ टक्केच देय होते. अशा एकतर्फी अटी १९८६ च्या अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरतात आणि सही करण्यावाचून पर्याय नसलेल्या खरेदीदारावर त्या बंधनकारक नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१९ रोजी दिला.

दाद

अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. हे आयोग अनुचित अट रद्दबातल ठरवू शकतात.