निषिद्ध चित्रपटाचे जतन : आणीबाणीतील दोन उदाहरणे

हस्तलिखित ग्रंथाची एक पोथी नष्ट झाली, तरी अन्यत्र असलेल्या पोथ्यांवरून त्याचा पाठ सिद्ध करता येतो. चित्रपटाची गोष्ट निराळी. त्याच्या प्रती सामान्यतः एकाच मूळ निगेटिव्हपासून निघतात. निगेटिव्ह व प्रती एकाच हाती पडल्या, तर ती कृती समूळ नाहीशी होऊ शकते. 1975 ते 1977 या आणीबाणीच्या काळात याचा प्रत्यय आला.

अमृत नहाटा यांचा ‘किस्सा कुर्सी का’ हा चित्रपट 1975 साली परीक्षण मंडळाकडे रीतसर सादर झाला होता. त्याची निगेटिव्ह व प्रती शासनाने ताब्यात घेतल्या. पुढे त्या नष्ट करण्यात आल्या. 1978 साली त्याच नावाने प्रदर्शित झालेला चित्रपट नव्याने चित्रित केलेला होय. मूळ कृती पुन्हा हाती आली नाही.

मुंबईचे आनंद पटवर्धन यांच्या ‘क्रांती की तरंगें’ या माहितीपटाचे तसे झाले नाही. 1974 च्या बिहार आंदोलनावरील हा सुमारे अर्ध्या तासाचा कृष्णधवल माहितीपट तुटपुंज्या साधनांनी सिद्ध झाला. सुपर आठ फितीवरील दृश्ये पडद्यावर पाडून ती सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपण्यात आली होती. 25 जून 1975 रोजी आणीबाणी जाहीर झाल्यावर उघड प्रदर्शन अशक्य झाले. तेव्हा एका प्रतीचे तुकडे करून ते निरनिराळ्या व्यक्तींबरोबर देशाबाहेर धाडण्यात आले. पटवर्धन त्या सुमारास माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात शिकण्यास गेले. कॅनडात ते तुकडे जोडून माहितीपट पुन्हा उभा करण्यात आला व तेथील प्रेक्षकांना दाखविण्यात आला.

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून अस्तित्वात होते. परंतु चित्रपटांचे परीक्षण ज्या मंत्रालयाच्या अखत्यारीत, त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत हे संग्रहालयही होते. 2022 साली ते ज्या महामंडळात विलीन झाले, तेही त्याच मंत्रालयाखालील होय. शासनाला नको असलेल्या कृतीचे रक्षण अशा व्यवस्थेवर सर्वस्वी सोपविता येत नाही. तेथे विखुरलेले, खाजगी हातच उपयोगी पडतात.

मात्र गुप्तपणे केलेले कार्य मागे कागद ठेवीत नाही. तुकडे नेणाऱ्यांची नावे न लिहिणे, हे त्या काळी जतनाचेच एक अंग होते. आता अर्धशतक लोटले आहे. अशा वाहकांच्या साक्षी त्यांच्या हयातीतच नोंदविल्या नाहीत, तर कृती वाचली तरी ती कशी वाचली याचा इतिहास लुप्त होईल.