न वापरलेली व्यापारचिन्हे आणि न्यायालयाचे अधिकारक्षेत्र : एक मागोवा

व्यापारचिन्ह वापरामुळे जिवंत राहते. नाव नोंदवहीत अडवून ठेवायचे आणि त्या नावाचा माल बाजारात आणायचाच नाही, असे झाले तर दुसऱ्या प्रामाणिक व्यापाऱ्याची वाट बंद होते. म्हणूनच अशी नोंद रद्द करण्याची सोय कायद्यात आहे. मात्र त्यासाठी दाद कोणाकडे मागावी, याचे उत्तर भारतात वेळोवेळी बदलत गेले.

ब्रिटनमध्ये १८७५च्या कायद्याने व्यापारचिन्हांची नोंदवही सुरू झाली आणि १९०५च्या कायद्यात पाच वर्षे न वापरलेले चिन्ह वगळण्याची तरतूद आली. भारतातील १८८९चा कायदा खोट्या चिन्हांना शिक्षा देणारा होता. नोंदवही मात्र १९४०च्या कायद्याने मिळाली. तो कायदा जून १९४२ पासून अमलात आला.

१९५८च्या कायद्यात अधिकाराची वाटणी स्पष्ट होती. बाधित व्यक्तीने निबंधकाकडे किंवा उच्च न्यायालयात अर्ज करावा. चिन्हाविषयी दावा चालू असल्यास मात्र उच्च न्यायालयातच जावे. कोणते उच्च न्यायालय, हेही कलम ३ सांगत होते : ज्याच्या अपिली अधिकारक्षेत्रात संबंधित नोंदणी कार्यालय आहे, ते.

१९९९चा कायदा १५ सप्टेंबर २००३ रोजी लागू झाला. त्याच दिवसापासून उच्च न्यायालयाची जागा बौद्धिक संपदा अपील मंडळाने घेतली. मंडळाचे मुख्यालय चेन्नईला होते. देशभरासाठी मंडळ एकच असल्याने जुन्या कलम ३ सारख्या तरतुदीची गरज उरली नाही. चिन्ह नोंदवहीत प्रत्यक्ष दाखल झाल्यापासून, अर्जाच्या तीन महिने आधीपर्यंत, सलग पाच वर्षे वापर नसणे ही कसोटी कलम ४७ने घातली.

या वाटणीचा भार प्रतिवादीवर पडतो. जिल्हा न्यायालयात दावा लागलेला व्यापारी वादीचे चिन्ह वापरात नसल्याचे म्हणू शकतो, पण ते न्यायालय नोंद रद्द करू शकत नाही. राजकोटच्या पी. एम. डिझेल्सविरुद्धच्या पटेल फील्ड मार्शल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हे स्पष्ट केले. दावा चालवणाऱ्या न्यायालयाला आक्षेपात प्रथमदर्शनी तथ्य दिसले पाहिजे. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत वरच्या मंचाकडे अर्ज झाला नाही, तर तो आक्षेप सोडून दिला असे मानले जाते.

४ एप्रिल २०२१ रोजी अध्यादेशाने मंडळ बरखास्त झाले आणि अधिकार उच्च न्यायालयांकडे परतला. पण जुने कलम ३ परत आले नाही. त्यामुळे 'कोणते उच्च न्यायालय?' हा प्रश्न नव्याने उभा राहिला. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजच्या प्रकरणात २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने म्हटले, की नोंदीचा परिणाम जिथे जाणवतो तिथेही याचिका करता येईल. २०२४ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एकलपीठाने याविषयी मतभेद नोंदवून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला.

दोन्ही बाजूंना आधार आहे. कार्यालयाच्या गावाचेच न्यायालय धरले, तर निश्चितता मिळते, पण दूरच्या छोट्या व्यापाऱ्याला खर्च व खेटे सोसावे लागतात. परिणामाचे ठिकाण धरले, तर दार जवळ येते. मात्र सोयीचे न्यायालय निवडण्याची मुभा सधन पक्षालाही मिळते. कायदेमंडळाने १९५८ साली एका कलमात सोडवलेला प्रश्न २०२१ साली तसाच सुटून गेला. तो निवाड्यांवर न सोपवता कायद्यातच पुन्हा लिहिणे हे सर्वांच्याच हिताचे ठरेल.