घरची शाळा : बुलढाण्याचा एक दाखला



मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकवावें काय, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत निघाला म्हणजे तो अगदीं नव्या काळाचा आहे असें आपणांस वाटतें. परंतु आपल्या वऱ्हाडांत या प्रश्नाचा जवळजवळ दीडशें वर्षांपूर्वींचा एक दाखला आहे. तोच आज मी आपणांपुढें ठेवणार आहें.

१८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. प्रथम उत्तर भागाचा कारभार बुलढाण्याहून व दक्षिण भागाचा हिंगोलीहून चाले; पुढें अमरावती व अकोला हीं मुख्य ठाणीं झालीं. कचेऱ्या आल्या, त्यांच्या पाठोपाठ सरकारी शाळा आल्या. त्यापूर्वीं मोडी अक्षर आणि हिशेब हें मुलगे घरच्या वडीलधाऱ्यांपाशीं किंवा पंतोजीपाशीं शिकत. मुलींच्या वांट्यास मात्र यांतलें बहुधा कांहींच येत नसे.

अशा काळांत बुलढाण्याच्या कचेरींत बापूजी हरि शिंदे नांवाचे गृहस्थ कारकुनाच्या हुद्द्यावर होते. १८७३ मध्यें स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांचे ते होते. १८५० च्या सुमारास जन्मलेली त्यांची कन्या ताराबाई. शाळेचा मार्ग तिला मोकळा नव्हता. म्हणून बापूजींनीं तिला घरींच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. मराठा घराण्यांतील पडद्याच्या चालीचा विचार केला म्हणजे ही गोष्ट किती धाडसाची होती, हें ध्यानीं येईल.

या घरगुती शिक्षणाचें फळ १८८२ सालीं दिसलें. आदल्या वर्षीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली होती. ती पुढें कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवरच दोषांचा भडिमार सुरू झाला. ताराबाईंनीं त्याला ‘स्त्री-पुरुष तुलना’ हें पुस्तक लिहून उत्तर दिलें. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यांत त्याच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत ९ आणे. जे दोष स्त्रियांच्या माथीं मारले जातात ते पुरुषांत नाहींत काय, हा त्यांचा मुख्य सवाल. त्यासाठीं त्यांनीं पुराणांतल्या देवांनाही जाब विचारला. त्यांच्या लेखनांत संस्कृत शब्द आणि माजघरांतली तिखट बोली शेजारीं शेजारीं बसतात. दोन्ही त्यांना घरींच मिळालीं होतीं.

आतां दुसरी बाजू पाहूं. पुस्तकाची टर उडाली. १८८५ मध्यें जोतीराव फुल्यांनीं ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली, पण त्यांचें दुसरें पुस्तक आपणांस उपलब्ध नाहीं. पुढें १८८२ चें तें पुस्तकही लोक विसरले. १९७५ मध्यें स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध केलें तेव्हां त्याची खरी ओळख पटली. असें कां व्हावें? कारणें अनेक असतील. मला मात्र एक ठळकपणें दिसतें. घरानें ताराबाईंना अक्षरें दिलीं, निर्भयता दिली; पण सोबतिणी दिल्या नाहींत. वाचणाऱ्या, वाद घालणाऱ्या, पुढलें पुस्तक मागणाऱ्या बरोबरीच्या स्त्रिया एकट्या घरांत कोठून येणार?

आणि ज्या मुलीचा बाप बापूजींसारखा नव्हता, तिचें काय? या प्रश्नाचें उत्तर घर देऊं शकत नव्हतें. सावित्रीबाई फुले याही प्रथम घरींच, पतीपाशीं शिकल्या. पण १८४८ मध्यें पुण्यांत तो घरचा धडा मुलींची शाळा होऊन रस्त्यावर आला. वऱ्हाडांत पंजाबराव देशमुखांनीं १९३२ मध्यें अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती शेतकऱ्यांच्या मुलांस शिक्षणाचें दार मोकळें व्हावें म्हणून. बापूजींना यांत उणें लेखण्याचें कारण नाहीं. कारकुनाच्या हातीं एक घर होतें, तें त्यांनीं उजळलें.

२००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला. बापूजींपुढें शाळेचें दार बंद होतें. आजच्या पालकापुढें तें उघडें आहे. तें ओलांडून जो मुलास घरींच शिकवूं पाहतो, त्यानें स्वतःस दोन गोष्टी विचाराव्या. बापूजींनीं दिला तेवढा वेळ व तेवढी मोकळीक मी देणार आहें काय? आणि ताराबाईंना जी सोबत मिळाली नाहीं, ती माझ्या लेकराला मी कोठून आणून देणार? या दोहोंचीं उत्तरें ज्याच्यापाशीं असतील, त्याचें घर शाळेहून उणें ठरणार नाहीं. नसतील, तर शाळेची घंटा ऐकूं आल्यावर मुलाचा हात धरून निघावें, हेंच बरें.