नागपूरचे भूस्तरवेत्ते रे. स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३)

परभणी जिल्ह्यात विहीर खणणाऱ्यास काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा दगड आणि त्या दगडाच्या थरांमध्ये मधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा लागतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. हा दगड लाव्ह्याचा असून त्याचे मोठे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचे, हेही आज विद्यार्थ्यांस ठाऊक असते. परंतु परभणीसारख्या ठिकाणी उभे राहून या दगडाचा पूर्वेतिहास वाचणे कठीण. थरावर थर इतके चढले आहेत की त्यांचा तळ दृष्टीस पडत नाही. तळ पाहावयाचा तर लाव्ह्याच्या काठावर गेले पाहिजे, आणि तो पूर्वेकडील काठ नागपूरच्या आसपास आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांनी तो काठ पायी तुडवला, ते भूस्तरशास्त्राचे अध्यापक नव्हते, सरकारी पाहणीखात्याचे नोकरही नव्हते. ते होते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी, रे. स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४४ च्या अखेरीस पत्नी इरॅस्मा यांच्यासह ते हिंदुस्थानात निघाले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोहोचले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. ते खालसा होण्यास आणखी नऊ वर्षे होती. परक्या राज्यात, परक्या धर्माचा प्रचार करण्यास आलेल्या या गृहस्थाने १८४६ मध्ये शाळा काढली. त्याच शाळेच्या परंपरेतून १८८३ मध्ये हिस्लॉप महाविद्यालय उभे राहिले. आपला हेतू धर्मप्रसाराचा आहे, हे हिस्लॉप यांनी कधी लपविले नाही, आणि आपणही ते लपवू नये. त्यांच्या शाळेत मुले पाठविणाऱ्या पालकांना विद्या हवी होती, धर्मांतर नको होते. हा ताण त्या शाळेच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर होता. त्यांच्या कार्याचे मोल करताना हा ताण नजरेआड केला, तर चरित्राची स्तुतिपाठात गणना होईल.

भूस्तरशास्त्राकडे ते वळले ते फिरतीच्या निमित्ताने. १८४७ मध्ये रे. रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून आले. गावोगाव हिंडताना दोघांची नजर वाटेवरच्या दगडांवर जाऊ लागली. नागपूरलगतच्या टाकळी येथे लाव्ह्याच्या थरांमध्ये दडलेल्या पातळशा स्तरात त्यांना गोगलगायींचे शंख, फळे आणि बिया सापडल्या. त्या स्तराचा माग काढीत ते सीताबर्डीच्या टेकडीवर आले. माथ्यावर लाव्ह्याचा दगड, त्याखाली जीवाश्मांचा चिंचोळा पट्टा, पुन्हा लाव्हा आणि सर्वांच्या तळाशी जुने खडक, असा छेद त्यांनी तेथे वाचला. नागपूरच्या परिसरातील खडक व जीवाश्म यांवरील हिस्लॉप-हंटर यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूस्तरशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लाव्ह्यांतर्गत स्तरांचा अभ्यास करणाऱ्यास आजही या निबंधाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

त्यांचे अनुमान असे: हे शंख समुद्रातील नव्हेत, गोड्या व संथ पाण्यातील होत; अर्थात् लाव्हा पसरला तेव्हा येथे सरोवर होते. हे अनुमान टिकले. मात्र त्यापुढे ते चुकले. जीवाश्मांच्या पट्ट्याखालील लाव्हा नंतर जमिनीतून वर येऊन त्या पट्ट्याच्या खाली घुसला असावा, असे त्यांनी मानले. तसे नसून लाव्हा वाहिला, निवला, त्यावर तळी साचली, जीव नांदले आणि पुन्हा लाव्हा वाहिला, असे अनेकवार घडले, हा उलगडा पुढे १८६० नंतरच्या दशकात विल्यम ब्लॅनफर्ड यांनी केला. ही चूक सांगण्याचे कारण हे की, हिस्लॉप यांनी छेदाचे वर्णन इतके चोख केले होते की त्यांचे मत बाजूस सारण्यासाठीही त्यांचीच निरीक्षणे उपयोगी पडावीत. संशोधकाची ही कसोटी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यांचा संग्रह एकट्याच्या हौसेपुरता राहिला नाही. चांद्याकडील मांगली येथील दगडात मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी त्यांनी विलायतेस धाडली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' असे नामकरण केले. टाकळीच्या परिसरातील एका हिरवट खनिजास तर 'हिस्लोपाइट' हे त्यांचेच नाव मिळाले. स्वतः नावे देण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी गोड्या पाण्यातील शिंपल्यांच्या दोन जातींना हंटर आणि मॅल्कमसन यांची नावे दिली. हंटर हे प्रकृती ढासळल्यामुळे स्वदेशी परतलेले सहकारी. मॅल्कमसन हे या स्तरांतील शंखांवर पूर्वी लिहिणारे लष्करी डॉक्टर. विद्येतील ऋण फेडण्याची ही रीत मला मोठी गोड वाटते.

ज्या वाटांवर दगड सापडत, त्याच वाटांवर माणसेही भेटत. गोंडांची वस्ती, त्यांचे आचार, शब्द, गीते हे सर्व हिस्लॉप टिपून ठेवीत गेले. लिंगोची दीर्घ गोंडी कथा त्यांनी मूळ शब्दांत लिहून घेतली. ही टिपणे त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. प्रधानांच्या मुखी असलेल्या वाङ्मयाचा इतका जुना लिखित आधार दुर्मिळच. सरकारी कारभारातील दोषांवरही त्यांनी वर्तमानपत्रातून लिहिले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली. तिचे सारे श्रेय त्या लेखांना देणे अतिशयोक्तीचे होईल, तथापि एका मिशनऱ्याने आपल्याच जातभाईंच्या राज्यकारभारावर बोट ठेवावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

१८६३ च्या सप्टेंबरात हिस्लॉप हे चीफ कमिशनर टेंपल यांच्यासमवेत नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहण्यास गेले. ४ सप्टेंबर रोजी जवळच्या बोरी येथील शाळा तपासण्यासाठी ते मागे राहिले. काम आटोपून एकटेच घोड्यावरून परतत असता पावसाने फुगलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. स्वाराविना घोडा परत आला, तेव्हा शोध सुरू झाला, आणि मग पाण्यात त्यांचा देह हाती लागला. त्यांना ४६ वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. मागे पत्नी व मुले होती.

काळवथराचे छेद, गोंडी गीते आणि शिलावर्तुळे हे विषय आज तीन निरनिराळ्या विभागांत शिकविले जातात. हिस्लॉप यांना ते एकाच दिवसाच्या प्रवासात, एकाच वहीत सापडत होते. त्यांपैकी शिलावर्तुळांचा प्रश्न त्यांच्या हातून अपुराच राहिला. टाकळघाट व खापा येथे १९६८–६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा टाकळघाटास वसाहतीचे थर आणि खाप्यास दफनांची वर्तुळे असे दोन्ही पुरावे प्रथमच शेजारी शेजारी अभ्यासिले गेले, आणि ही वर्तुळे लोखंड वापरणाऱ्या लोकांची होत, हे विदर्भाच्या इतिहासात नोंदले गेले.