मारबत आणि बाकाबाई

श्रावणातल्या अमावास्येला पोळा. विदर्भात त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकायचे, पळसाच्या पानाने चोळायचे आणि बैलाच्या कानाशी लागून उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे, अशी रीत आहे. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवले त्या खांद्यालाच आधी हात लावायचा! आभार मानण्याची याहून नेमकी तऱ्हा मला तरी ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तोरण, झडत्या, पुरणाचा घास आणि बोजारा.

पण आभार मानून झाले की घर झाडावयाचे असते. पोळ्याच्या दिवशी दाराशी ठेवलेले पळसाचे मेढे दुसऱ्या पहाटे उचलून पोरेसोरे शिवेबाहेर नेऊन टाकतात आणि खोकला, ढेकूण, डास, इडापिडा या सर्वांना त्याबरोबर चालते व्हा म्हणून ओरडतात. खेड्यातली मारबत ती एवढीच. नागपूरने मात्र या ओरडण्याला पुतळ्यांचे रूप दिले आणि तिला शहरातून मिरवत नेले.

काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात. पिवळी १८८५ पासूनची. ती जगनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाची. पुण्यामुंबईकडे गणेशोत्सव सार्वजनिक झाला १८९३ च्या सुमारास. म्हणजे आमची मारबत त्याहून वयाने मोठी, हे पाहुण्यांना ऐकवताना नागपूरकराची छाती थोडी फुगते, आणि फुगू द्यावी. पिवळी ही रक्षण करणारी. बायाबापड्या तिची ओटी भरतात, नवस बोलतात. काळी ही अरिष्टाची. कोणी तिला कृष्णाने मारलेली पूतना मानतात. इतवारीत दोघी समोरासमोर आल्या की जो गलका उठतो तो ऐकावाच. शेवटी दोघींनाही अग्नी.

परंतु काळ्या मारबतीविषयी दुसरीही एक कथा लोकांच्या तोंडी आहे. ती म्हणजे नागपूरकर भोसल्यांची राणी बाकाबाई. इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा हा पुतळा. वर्गात ही गोष्ट निघाली की मुले निकाल देऊन मोकळी होतात. इतिहास मात्र इतक्या लवकर मोकळा करीत नाही.

बाकाबाई ही दुसऱ्या रघुजींची पत्नी. १८१६ मध्ये रघुजी वारले. पुढच्याच वर्षी परसोजीचा खून होऊन आप्पासाहेब गादीवर आले आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी झालेल्या लढाईत त्यांचा पराभव झाला. १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबांना काढून रघुजींच्या मुलीच्या मुलाला, तिसऱ्या रघुजींना, गादीवर बसवले. तो अल्पवयी, कारभारात वडीलधारी म्हणून बाकाबाई. परसोजीच्या मारेकऱ्याविषयी तिच्या मनात काय असेल, हे सांगावयास नको.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. त्यानंतर वाड्यातील चीजवस्तूंना हात लागला. जडजवाहीर कलकत्त्याकडे रवाना झाले. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोलाने गेले. ज्या घराण्याचे बैल पोळ्याला सजत, त्यांच्या बैलांवर बोली लागली! सामान हलवू लागले तेव्हा वाड्याला आग लावीन असे म्हातारी बाकाबाई गरजली, अशी नोंद इंग्रज इतिहासकारानेच करून ठेवली आहे.

आणि हीच बाई १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली. आपल्या माणसांना तिने बंडापासून रोखून धरले. इंग्रजांनी पुढे दत्तक जानोजींना देऊरचे राजाबहादुर केले. राज्य गेले, घराण्याचे नाव उरले. तिने हाच हिशेब केला असावा असे मला वाटते. तो हिशेब थोर नव्हता. पण लुटल्या गेलेल्या घरातल्या वृद्ध विधवेचा तो होता. १८५८ मध्ये ती वारली. पहिली काळी मारबत निघाली तेव्हा तिला जाऊन २३ वर्षे झाली होती. लोकांना राग तिचा होता की इंग्रजांचा? जिवंत कमिशनराचा पुतळा रस्त्यातून नेण्यापेक्षा मेलेल्या राणीचा नेणे सोयीचे, हेही शहाण्या माणसांनी ओळखले असेल.

असे काही आपल्याकडेच घडते असे नाही. जावा बेटावर योग्यकर्ताच्या सुलतानाच्या वाड्यातून भाज्या आणि धान्य यांचे डोंगर रचून मिरवणुकीने मशिदीकडे नेतात आणि लोक त्यातला वाटा ओरबाडून शेतात पुरण्यासाठी घरी नेतात. खेड्यांतून भूमीला नैवेद्य देऊन पीक आल्याचे आभार मानतात. शेजारच्या बाली बेटावर तर शके वर्ष उजाडण्यापूर्वीच्या रात्री अक्राळविक्राळ पुतळे नाचवून जाळतात. शक तोच, राक्षस निराळे!

आमच्या मिरवणुकीत मारबतींच्या मागून बडगे चालतात. बांबू, कागद, चिंध्या आणि मिळेल तो केरकचरा यांचे हे पुरुष. त्यांच्या गळ्यात त्या त्या वर्षीच्या संतापाच्या पाट्या: महागाई, लाचखोरी, दहशतवाद. पुढारी स्वतःचा बडगा पाहून हसतो. हसल्यावाचून गत्यंतर नसते. बाकाबाईला ती सोय मिळाली नाही.

दुपार कलली की बडगे जळतात, आणि चतुर्थी थोड्याच दिवसांवर असल्यामुळे चितार ओळीत गणपतींच्या डोळ्यांना रंग देण्याची घाई चाललेली असते.